सोबत नेता येते ती दौलत

(संस्थेच्या वार्षिक बक्षीस समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षीस समारंभाला आलेला पाहुणा शिक्षणाचे महत्त्व सांगणार, हे तुम्ही गृहीत धरूनच बसला असाल. तुमचा अंदाज चुकीचा नाही. पण मी उपदेश करणार नाही. मी तुम्हाला एक हकीकत सांगणार आहे. ती आपल्या देशाची नाही, आपल्या कौमची तर मुळीच नाही. ती पोलंड नावाच्या युरोपातल्या एका देशाची आहे. तरी तिचे एक टोक आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरपासून काही मैलांवर सापडते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, तेथे एक मोठी छावणी उभी राहिली. तिच्यात सुमारे पाच हजार पोलिश माणसे येऊन राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. १९४० आणि १९४१ साली रशियाच्या सोव्हिएत सरकारने त्यांना पोलंडच्या पूर्व भागातून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले होते. पुढे सुटका झाल्यावर ती इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. लहान मुलांपैकी काहींना जामनगरच्या महाराजांनी बालाचडी येथे आसरा दिला, आणि वळिवड्याची छावणी कोल्हापूर संस्थानात उभी राहिली. कौलारू बराकी, मधे रस्ते, प्रार्थनेला चर्च, आणि मुलांसाठी शाळा. अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसे काही न घेता आलेल्या या माणसांनी छावणीत बालवर्गापासून माध्यमिक शिक्षणापर्यंतची सोय उभी केली. १९४८ साली छावणी बंद झाली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे जागा मिळाली. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात आणि तेथील कापडबाजार तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

युद्ध तर १९४५ सालीच संपले होते. मग ही माणसे आणखी तीन वर्षे का थांबली? ती आपल्या गावी का परतली नाहीत? याचे उत्तर असे, की त्यांचे गाव आता त्यांच्या देशात राहिले नव्हते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पोलंडचा नकाशा बदलला. पूर्वेकडचा मोठा प्रदेश रशियाला गेला. त्या प्रदेशाला पोलिश लोक ‘क्रेसी’ म्हणतात. त्याच्या बदल्यात पश्चिमेकडे जर्मनीचा प्रदेश पोलंडला मिळाला. देश जणू उचलून पश्चिमेला सरकवला गेला. वळिवड्यातील बहुतेक माणसे या क्रेसीतली. त्यांच्यापैकी पुष्कळ जण शेवटी इंग्लंड आणि इतर देशांत गेले, काही पोलंडला गेले. पण माझी आजची हकीकत त्यांच्याहून कितीतरी मोठ्या संख्येने मागे राहिलेल्या त्यांच्या भाऊबंदांची आहे.

१९४४ ते १९४८ या काळात क्रेसीतून सुमारे १५ लाख पोलिश लोकांना नव्या पोलंडात आणण्यात आले. १९५५ ते १९५९ या वर्षांत आणखी सुमारे अडीच लाख आले. काही भागांत तर १९४३ पासूनच पोलिश वस्त्यांवर भयंकर हल्ले झाले होते. तेथे ‘जायचे की राहायचे’ हा प्रश्नच उरला नव्हता. सरकारी कागदांत या हलवाहलवीला ‘मायदेशी परतणे’ असे नाव होते. हा शब्द ऐकून त्या माणसांना काय वाटले असेल, याचा विचार करा. ज्या गावात आजोबा-पणजोबा पुरले आहेत ते गाव सोडून, जे कधी डोळ्यांनी पाहिले नाही अशा गावी जायचे, आणि त्याला म्हणायचे मायदेशी परतणे!

खेड्यातल्या कुटुंबाला सामान नेण्याची मर्यादा ठरवून दिली होती. कपडे, धान्य, अवजारे मिळून दोन टनांपर्यंत, आणि सोबत गुरे. मालगाडीच्या डब्यांत माणसे आणि जनावरे एकत्र, आणि प्रवास काही आठवड्यांचा. जमीन, घर, बाग, विहीर, गिरणी यांतले काही डब्यात बसत नव्हते.

आता मुद्द्याकडे येतो. ही माणसे परक्या देशात गेली नाहीत. भाषा तीच, धर्म तोच, वंश तोच, झेंडा तोच. आपल्याला वाटेल, मग अडचण कसली? दूध पाण्यात मिसळावे तशी ती मिसळून गेली असतील. तसे घडले नाही. एकाच नव्या गावात दोन तऱ्हेचे पोलिश येऊन राहिले. एक पूर्वेचे, हाकलले गेलेले. दुसरे मध्य पोलंडातून स्वखुशीने, चांगल्या जमिनीच्या आशेने आलेले. पूर्वेच्या लोकांच्या बोलण्यात वेगळा हेल होता, स्वयंपाक वेगळा होता, सणावाराच्या रीती थोड्या वेगळ्या होत्या. दुसऱ्यांनी त्यांना नाव पाडले ‘बुग नदीच्या पलीकडचे’. कुणी त्यांना रशियन म्हणून हिणवी. ज्यांचे गाव रशियाने घेतले त्यांनाच रशियन म्हणायचे! आपल्याकडेही असे होते. एकाच मशिदीत एकाच सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे लोक बाहेर आले की ‘ते अमक्या खाडीपलीकडचे’, ‘ते घाटावरचे’ असे म्हणतात. माणसे जितकी जवळची, तितके लहान फरक मोठे दिसतात.

त्यांना जी घरे मिळाली तीही दुसऱ्या कुणाची होती. लक्षावधी जर्मनांना तेथून हाकलण्यात आले होते. जर्मन माणसाच्या चुलीवर पोलिश बाईने भांडे चढवले. आणि काही ठिकाणी तर ती जर्मन बाई अजून त्याच घराच्या एका खोलीत गाडीची वाट पाहत बसलेली होती. दुःखाची ही साखळी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे सांगणे कठीण आहे. एक गोष्ट मात्र खरी, की नव्या मालकांनाही त्या घराचा भरवसा वाटत नव्हता. जर्मन परत येतील, सीमा पुन्हा बदलेल, ही धास्ती वर्षानुवर्षे होती. पश्चिम जर्मनीने ती सीमा मान्य करणारा करार केला तो डिसेंबर १९७० मध्ये, आणि जर्मनी एक झाल्यावर अखेरचा करार झाला १९९० साली. तोपर्यंत कित्येक म्हाताऱ्यांनी घराची नीट डागडुजी केली नाही, झाडे लावली नाहीत. सामान बांधून ठेवावे तसे मन बांधून ते जगले आणि तसेच गेले.

या लोकांवर १९६७ साली पोलंडमध्ये ‘सामी स्वोई’ नावाचा चित्रपट निघाला. नावाचा अर्थ साधारण ‘सगळी आपलीच माणसे’ असा होतो. पूर्वेकडील दोन शेजारी घराण्यांचे बांधावरून, तीन बोटे रुंदीच्या जमिनीवरून, हाडवैर असते. दोन्ही घराणी हाकलली जातात आणि मोठ्या उलथापालथीनंतर पुन्हा एकमेकांच्या शेजारीच येऊन पडतात; भांडण पुढे चालू! बांधाचे भांडण म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. हसण्यासारखा चित्रपट आहे, पण त्यात एक कडू सत्य आहे. ज्या तीन बोटांसाठी दोन पिढ्या डोकी फोडत होत्या ती जमीन एका रात्रीत दुसऱ्या देशात गेली.

मग पुढे काय झाले? येथून माझ्या हकीकतीचा खरा भाग सुरू होतो, आणि पालकांनी तो लक्ष देऊन ऐकावा अशी विनंती आहे.

२०२० साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या अर्थशास्त्राच्या मान्यवर नियतकालिकात साशा बेकर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी आजच्या पोलंडमधील हजारो लोकांकडून त्यांचे पूर्वज युद्धापूर्वी कुठे राहत होते याची माहिती मिळवली, आणि ती त्यांच्या शिक्षणाशी ताडून पाहिली. निष्कर्ष असा निघाला, की ज्यांचे आजी-आजोबा क्रेसीतून हाकलले गेले, त्यांची नातवंडे इतर पोलिश लोकांपेक्षा सरासरीने सुमारे एक वर्ष अधिक शिकलेली आहेत. एक वर्ष म्हणजे काय मोठेसे, असे म्हणू नका. ही सरासरी आहे. तिचा अर्थ असा, की त्या घरांतील अधिक मुलांनी माध्यमिक शिक्षण पुरे केले आणि अधिक मुले पुढे उच्च शिक्षणापर्यंत गेली.

तुमच्या मनात शंका येईल, की ती माणसे मुळातच शिकलेली असतील. अभ्यासकांनाही ही शंका आली. त्यांनी युद्धापूर्वीची खानेसुमारी तपासली. क्रेसीतले पोलिश लोक तेव्हा इतरांहून पुढे नव्हते. दुसरी शंका, नवा प्रदेश अधिक सुधारलेला असेल, शाळा चांगल्या असतील. पण त्याच गावांत, त्याच जर्मन घरांत, स्वखुशीने आलेले पोलिशही राहत होते. मुले त्याच शाळेत जात होती. तरी हाकललेल्यांची नातवंडे त्यांच्याही पुढे गेली. तिसरी शंका, पूर्वेच्या मातीतच काही गुण असेल. म्हणून त्यांनी नव्या सीमारेषेच्या अलीकडची आणि पलीकडची घराणी ताडून पाहिली, फरक उरलाच. जे सीमेच्या पूर्वेला होते त्यांचे सर्वस्व गेले, जे पश्चिमेला होते त्यांचे टिकले. बाकी सारे जवळपास सारखे होते.

म्हणजे फरक कशाने पडला? दोन शेजाऱ्यांची कल्पना करा. एक आपणहून आला आहे. त्याच्या मागे गावी भावाची शेती आहे, नाही जमले तर परत जाता येईल. दुसऱ्याच्या मागे काही उरलेले नाही. पहिल्याच्या मनात अजून असते, की जमीन ही पक्की, बाकी सारे कच्चे. दुसऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे, की जमीन जाते, घर जाते, गोठा जातो, आणि डोक्यात आहे तेवढेच सोबत येते. तो आपल्या मुलाला म्हणतो, “बाळा, शीक. जे तुझ्या डोक्यात आहे ते कोणी काढून घेऊ शकणार नाही.” अभ्यासकांना असेही आढळले, की या घराण्यांतले लोक वस्तूंच्या मालकीला इतरांहून कमी महत्त्व देतात आणि मुलांनी पुष्कळ शिकावे ही त्यांची इच्छा अधिक प्रबळ असते. दौलत कशाला म्हणायचे याचा अर्थच त्या घरांत बदलला, आणि तो तिसऱ्या पिढीपर्यंत टिकला.

याचा दाखला एका शहराच्या बाबतीतही मिळतो. ल्वूव हे क्रेसीतले मोठे विद्येचे शहर. आज ते युक्रेनमध्ये आहे आणि त्याला ल्विव म्हणतात. तेथील प्राध्यापकांपैकी अनेक जण पश्चिमेला व्रोत्स्वाफ येथे आले. युद्धात हे शहर मोडून पडले होते. तरी १९४५ सालीच तेथे पोलिश विद्यापीठाचे काम सुरू झाले. गणितज्ञ हुगो स्टाइनहाउस हे ल्वूवहून तेथे आले आणि त्यांनी तेथे गणिताचे नवे केंद्र उभे केले. १८१७ साली स्थापन झालेल्या ओसोलिनेउम या ल्वूवच्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा एक भाग १९४६ आणि १९४७ साली आगगाडीने व्रोत्स्वाफला आला. सारा आला नाही, पुष्कळ तिकडेच राहिला. पण जे आले त्यावर एक नवे शहर ज्ञानाच्या बाबतीत उभे राहिले. विटा आणता आल्या नाहीत, पुस्तके आणि माणसे आणता आली.

आता जमिनीच्या हिशेबाचेही ऐका. मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई देण्याचे वचन त्या लोकांना होते. काहींना बदल्यात जर्मन शेते मिळाली, पण हजारो लोकांच्या हाती कागदच राहिले. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. २००४ साली न्यायालयाने पोलंड सरकारला दोषी धरले. २००५ साली कायदा झाला, आणि त्यात भरपाई ठरली मालमत्तेच्या किंमतीच्या २० टक्के. म्हणजे साठ वर्षांनी, रुपयातले वीस पैसे, आणि तेही बहुतेकदा वारसांना. ज्या बापाने आपली सारी आशा त्या कागदावर ठेवली त्याला वीस पैसे मिळाले. ज्याने मुलीला शाळेत घातले त्याला पुरा रुपया मिळाला, आणि तो पुढच्या पिढीच्याही हाती राहिला.

मित्रहो, येथे मला एक खबरदारी घ्यायची आहे. ही हकीकत ऐकून कोणी असे म्हणू नये, की घर जाणे चांगले, त्याने माणूस शिकतो. घर जाणे ही आफत आहे. अल्लाह कोणावर ती न आणो. शिवाय घर गेलेला प्रत्येक समाज पुढे जातोच असेही नाही. युद्धानंतर पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि इतर देशांतून जे जर्मन हाकलले गेले, त्यांपैकी सुमारे ८० लाख लोक १९५० पर्यंत पश्चिम जर्मनीत आले होते. तेथे दर सहा माणसांमागे एक असा विस्थापित होता. तेही जर्मनच, भाषा जर्मनच. तरी गावकऱ्यांनी त्यांना तुच्छतेने ‘पोलंडवाले’ म्हटले. आणि पाव शतकानंतर, १९७१ साली, पाहिले तर पहिल्या पिढीचे विस्थापित सर्वसाधारणपणे स्थानिक लोकांच्या मागेच होते. उत्पन्न कमी, स्वतःचे घर असणारे कमी, स्वतःचा धंदा असणारे कमी. फक्त शेतमजुरीतून निघून कारखान्यांत गेलेल्यांचे उत्पन्न सुधारले. भाषा एक असली म्हणजे माणूस आपोआप सामावला जातो, हा समज तेथे खोटा ठरला.

पोलंडच्या मुलांना पुढे जाता आले त्याचे एक कारण बापाची इच्छा. पण दुसरे कारण हे, की युद्धानंतरच्या पोलंडात शिक्षण विनामूल्य होते आणि शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या मुलांना विद्यापीठाचे दार पूर्वीपेक्षा अधिक उघडले होते. तेथील राजवटीचे दोष पुष्कळ होते, ते झाकण्याचे कारण नाही. पण इच्छा असून दार बंद असते तर ती इच्छा घरातच सुकून गेली असती. आणि जर्मनीनेही स्वस्थ बसणे पत्करले नाही. १९५२ साली तेथे भार वाटून घेण्याचा कायदा झाला. ज्यांची मालमत्ता युद्धातून वाचली त्यांनी तिच्या निम्म्या किंमतीइतकी रक्कम तीस वर्षांच्या हप्त्यांनी द्यावी आणि ती ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्या कामी यावी, असे ठरले. लोकांनी कुरकुर केली, पण हप्ते भरले.

आपल्यापैकी प्रत्येकाला हिजरतीची हकीकत लहानपणापासून ठाऊक आहे. मक्केहून आलेले मुहाजिर आणि मदिनेचे अन्सार. दोघेही अरब, दोघांची भाषा अरबी. तरी हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी ‘तुम्ही एकमेकांचेच आहात, आपले आपण बघून घ्या’ असे सोडून दिले नाही. त्यांनी एकेका मुहाजिराला एकेका अन्साराचा भाऊ ठरवून दिले. साद बिन रबी यांनी आपली निम्मी मालमत्ता अब्दुर्रहमान बिन औफ यांच्यापुढे ठेवली, आणि त्यांनी दुवा देऊन बाजाराची वाट तेवढी विचारली. ज्यांना घरदार नव्हते त्यांच्यासाठी मशिदीला लागून सुफ्फा होता, आणि तेथे तालीम चालत असे. ही हकीकत आपण दर वर्षी वाजमध्ये ऐकतो आणि डोळे पुसतो. तिच्यातली व्यवस्था किती जणांनी पाहिली? यजमानाने हिस्सा दिला, पाहुण्याने कष्ट केले, आणि मधे शिकण्याची जागा होती.

आता मी माझ्यावर येतो. फेब्रुवारी १९९३ ची गोष्ट. मुंबईच्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबांनी राहते मोहल्ले सोडले. पुष्कळ जण मुंब्र्याला गेले, काही कोकणात आपल्या नातेवाइकांकडे आले. मी तेव्हा एका शाळेच्या समितीवर होतो. एक बाई दोन मुलांना घेऊन आली. मोठी मुलगी सातवीत होती. मी विचारले, “शाळा सोडल्याचा दाखला कुठे आहे?” ती म्हणाली, “साहेब, दाखला आणायला परत त्या मोहल्ल्यात कोण जाणार?” मी नियम सांगितला. म्हणालो, “आता वर्ष संपत आले. जूनमध्ये दाखला घेऊन या, मग बघू.” मी उर्मट बोललो नाही. चहाही विचारला. जूनमध्ये ती आली नाही. पुढे कळले, की मुलगी घरीच राहिली आणि मुलगा गॅरेजमध्ये लागला.

ती माझ्याच कौमची होती, माझीच बोली बोलत होती, माझ्या गावची माहेरवाशीण होती. मला वाटत होते, आपलीच माणसे आहेत, कुठेतरी सामावून जातील. सामावून घेण्याचे काम माझ्या टेबलावर आले होते आणि मी ते जूनवर ढकलले, हे कळायला मला फार वर्षे लागली. पोलंडची ही हकीकत वाचली तेव्हा मला पहिल्यांदा ती मुलगी आठवली. आज तिचीही मुले असतील. तिच्या घरात त्या एका वर्षाचा हिशेब काय झाला असेल, हे मी स्वतःला विचारतो.

आज तरी कोणी असे करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला उशिरा आला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षकांना आणि समितीच्या सभासदांना माझी हात जोडून विनंती आहे, की पुराने, दंगलीने, धरणाने किंवा नुसत्या गरिबीने गाव सोडून आलेले मूल वर्षाच्या मध्यात दारात उभे राहिले तर आधी त्याला बाकावर बसवा आणि कागद नंतर मागवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, असे मूल तुमच्या वर्गात आले, त्याचा हेल वेगळा असला, तर त्याला नाव पाडू नका. मधल्या सुट्टीत त्याला आपल्या डब्याजवळ बसवा. कायदा त्याला वर्गापर्यंत आणेल; त्याच्यापुढचे काम तुमचे आहे.

पालकांना शेवटी एकच गोष्ट सांगायची आहे. कोकणातल्या आपल्या गावांतून फेरी मारा. आखातात घाम गाळून मिळवलेल्या पैशातून बांधलेले दुमजली बंगले दिसतील. संगमरवरी फरशी, रंगीत काचा, आणि दाराला कुलूप. मालक बाहेरगावी, म्हातारे जोडपे मागच्या खोलीत. माझा घरावर राग नाही. ज्याच्या बापाने कुडाच्या भिंतीत आयुष्य काढले त्याला पक्के घर हवेसे वाटणारच. पण त्याच घरातली मुलगी दहावीला चांगले गुण मिळवून बसलेली असते आणि तालुक्याच्या कॉलेजला पाठवायला ‘सध्या हात आखडला आहे’ असे उत्तर मिळते. मुलगा बारावीच्या आधीच पासपोर्टच्या रांगेत उभा असतो. तेव्हा मनात येते, की हा पैसा आपण जेथे ठेवला तेथून तो उचलून नेता येणार आहे काय?

त्या पोलिश शेतकऱ्याला हा धडा मालगाडीच्या डब्यात मिळाला. फार महाग पडला त्याला तो. आपले घर शाबूत आहे, आंब्याची कलमे उभी आहेत, सातबारा आपल्या नावावर आहे. हे सारे असताना, काही न गमावता, तोच धडा आपण घेऊ शकतो. उखडले गेल्यावर शिकणारे पुष्कळ असतात. मुळे जमिनीत असताना शिकणारा समाज भाग्यवान. येत्या जूनमध्ये फरशी बदलायची की मुलीची फी भरायची, असा प्रश्न तुमच्यापैकी कोणापुढे आला, तर एवढे आठवा, की एका देशात लक्षावधी घरे आणि शेते एका सहीने गेली, आणि त्या माणसांच्या तिसऱ्या पिढीत मोजले तेव्हा शाळेचे वर्ष तेवढे जास्त भरले.

आज बक्षीस घेतलेल्या मुलामुलींचे मी मनापासून अभिनंदन करतो. ज्यांना बक्षीस मिळाले नाही त्यांनी निराश होऊ नये. वर्गात बसलेला प्रत्येक दिवस जमेला धरला जातो.  अल्लाह तआला आपल्या मुलांना इल्म देवो आणि दारात आलेल्या परक्याच्या मुलासाठी आपली मने मोठी करो, अशी दुवा करून रजा घेतो.

खुदा हाफिज.